चुलीवर पाहुणा गेलेला ढोल

कुडेटोल्याच्या संग्रहालयात कधी गेलात तर दाराशी चपला काढाव्या लागतात, आणि त्या काढत असतानाच आतून आवाज येतो, "पहिले पाय झटका!" हा आवाज सुकरीबाईचा. संग्रहालयाच्या कागदांत ती झाडलोट करणारी बाई आहे. कागदाचं काय, त्यावर लिहिणारा लिहील ते खरं. गावात विचाराल तर लोक सांगतील की संग्रहालय काढलं नानाजी गुरुजींनी आणि सांभाळलं सुकरीबाईनं. खुद्द गुरुजीही हे नाकारत नाहीत, निदान ती समोर असताना तरी नाही.

गाव लहान. गडचिरोलीहून अहेरीकडे जाणारा मोठा रस्ता सोडून सहा किलोमीटर आत शिरलं की धानाच्या बांध्या, म्हणजे भातखाचरं, लागतात, बांध्या संपल्या की घरं आणि घरं संपली की जंगल. नानाजी गुरुजींनी इथल्याच शाळेत पोरांकडून तीस वर्षं पाढे म्हणवून घेतले. निवृत्त झाल्यावर ते घरोघर फिरू लागले. "जुनं लाकूड, जुनी टोपली, जुनं काही असेल तर जाळू नका, मला द्या," असं सांगत सुटले. लोकांना वाटलं, गुरुजींना रिकामपण बाधलं. पण ज्यानं आपल्याला अंक शिकवले त्याला नाही कसं म्हणायचं? कोणी उखळ दिलं, कोणी लाकडी पायली, कोणी पाणी ठेवायचा भोपळ्याचा तुंबा, कोणी गाईच्या गळ्यातली लाकडी घंटा. ग्रामपंचायतीच्या जुन्या गोदामात हा सगळा संसार मांडला गेला.

सुकरीबाईच्या घरून ढोल आला.

तिचा नवरा सुकलू गावाचा ढोल वाजवणारा. लग्न असो, मरण असो, गावदेवाची पूजा असो, सुकलूनं ढोल गळ्यात अडकवल्याशिवाय कशालाच सुरुवात होत नसे. शिवणीच्या झाडाच्या अखंड ओंडक्यातून कोरलेला तो ढोल त्याच्या बापानं केलेला. अकरा वर्षांपूर्वी सुकलू तापानं चार दिवसांत गेला. एवढा धडधाकट माणूस असा न सांगता उठून जातो याचा सुकरीबाईला दुःखापेक्षा रागच जास्त आला, आणि खरं सांगायचं तर तो राग अजून पुरता उतरलेला नाही. पुढच्या लग्नाच्या दिवसांत लोक ढोल मागायला आले. तिनं कोणालाच दिला नाही. दुसऱ्याच्या हाताखाली तो वाजलेला तिला ऐकवणार नव्हता, आणि घरात खुंटीवर गप्प टांगलेला पाहवत नव्हता. अशा कात्रीत ती असतानाच गुरुजी दारात उभे राहिले. तिनं ढोल देऊन टाकला. दुसऱ्या दिवशी सकाळी झाडू घेऊन ती गोदामापाशी हजर.

"गुरुजी, इथी झाडाले कोणी हाये का?"

कोणी नव्हतं. तेव्हापासून ती आहे.

तिला लिहितावाचता येत नाही, आणि त्यानं तिचं काही अडतही नाही. वस्तूवरची चिठ्ठी वाचून माहिती सांगणारे पुष्कळ असतात. सुकरीबाई वस्तूच्या माणसाची माहिती सांगते. शाळेची पोरं आली की ती उखळापाशी उभी राहते आणि म्हणते, "हे दिव्याच्या आजेसासूचं. भल्ली चिडकी बाई होती. राग आला का धान कांडाची. म्हनून त्याईच्या घरी तांदूळ कधी सरला नाई." पोरं हसतात आणि उखळ जन्मभर विसरत नाहीत. शनिवारी दुपारी गावातल्या म्हाताऱ्या इथं जमतात, पोरींना बांबूची टोपली विणायला शिकवतात आणि शिकवता शिकवता लग्नाची जुनी गाणी म्हणतात. पोरी ती मोबाइलमध्ये भरून घेतात. घरातले जुने फोटो घेऊन लोक येतात आणि त्यातला कोण कोणाचा मामा यावरून भांडतात. सोमवारी संग्रहालय बंद. त्या दिवशी सुकरीबाई मोहाच्या टोळीचं, म्हणजे बियांचं, तेल फडक्याला लावून एकेक लाकूड पुसत बसते. ढोल सगळ्यात शेवटी, आणि ढोलाला वेळ सगळ्यात जास्त.

मागच्या उन्हाळ्यात संग्रहालयाला नवी इमारत मिळाली. पांढऱ्या भिंती, गुळगुळीत फरशी, काचेची कपाटं. सोबत मिळाली दीपिका. ही राजुऱ्याची मुलगी, नागपूरला संग्रहालयाचंच शिक्षण घेतलेली, बोलायला मऊ आणि कामाला पक्की. तिनं आल्या आल्या प्रत्येक वस्तूचं माप घेतलं, फोटो काढला, चिठ्ठी छापली आणि सुकरीबाईला पांढरे हातमोजे दिले.

"हे कायले?"

"हाताचा घाम लागतो वस्तूला, बाई. तेलही नका लावत जाऊ आता."

"माह्या हाताचा घाम त्याले ओळखीचा हाये," सुकरीबाई म्हणाली. पण पोरगी मनापासून करते हे तिला दिसत होतं, म्हणून तिनं हातमोजे घातले. घातले आणि दोन दिवसांनी त्यांतच लसूण बांधून घरी टांगून ठेवले.

मग पाऊस लागला. जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात एका सकाळी ढोलाच्या काचेच्या कपाटात, खालच्या फळीवर, सुकरीबाईला चिमूटभर पिवळसर पिठी पडलेली दिसली. तिनं बोटावर घेऊन पाहिली. घुण लागला होता. दीपिकानं विजेरी लावून पाहिलं, तर ढोलाच्या अंगावर सुईनं टोचल्यासारखी भोकं. पलीकडे पायलीलाही तेच, घंटेलाही तेच.

"गोदामात दहा वर्षांत कधी नाई लागला," सुकरीबाई म्हणाली.

गोदामाच्या मागच्या खोलीत अंगणवाडीची चूल होती, आणि कौलांच्या फटींतून तिचा धूर दिवसभर आत यायचा, हे त्या क्षणी दोघींच्याही ध्यानात आलं नाही.

दीपिकानं नागपूरला फोन लावले. तिथं औषधाचा धूप देऊन लाकडातला किडा मारतात. उत्तर आलं की काम खूप साचलं आहे, दिवाळीनंतर वस्तू पाठवा. दीपिकानं फोन ठेवला आणि खरं ते सांगितलं. "बाई, दिवाळीपर्यंत थांबलो तर पायली वाचेल कदाचित. ढोल नाही वाचायचा. आतून पोकळ होईल आणि एक दिवस हातात घेतल्यावर चुरा होईल."

 सुकलू एकदा गेला, तो सुकरीबाईनं सोसला. आता त्याला पुन्हा, कणाकणानं, काचेतून जाताना बघायचं हे तिच्यानं होणार नव्हतं.

घुणावर उपाय काय हे तिला ठाऊक होतं. गावात कोणाला ठाऊक नाही? धूर. घरातलं बी-बियाणं, टोपल्या, नांगराचं लाकूड, सगळं चुलीच्या वर टांगतात ते उगीच नाही. म्हणून पुढच्या सोमवारी, इमारत बंद असताना, भर दुपारी ती विस्तवाचं घमेलं घेऊन आत गेली. कपाटांच्या काचा सरकवल्या, खिडक्या लावल्या, विस्तवावर ओला कडुनिंब टाकला आणि दार ओढून घेऊन बाहेर पायरीवर बसली. कडुनिंब ओला असला की धूर किती होतो हे ज्यानं केलं आहे त्यालाच माहीत. थोड्या वेळानं दाराखालून, खिडक्यांच्या फटींतून धूर निघू लागला. रस्त्यानं जाणाऱ्या अश्विन ट्रॅक्टरवाल्यानं तो पाहिला आणि बोंब ठोकली, "आग लागली, आग!"

सुकरीबाई ओरडत राहिली, "अरे आग नोहे, दवाई होय!" पण आग विझवायला धावणाऱ्या गावाला कोण थांबवणार? पंधरा-वीस माणसं बादल्या घेऊन आत घुसली आणि त्यांनी सगळ्यावर मनसोक्त पाणी मारलं. चिठ्ठ्या भिजून लगदा झाल्या. नवीन छत काळं पडलं. दोन टोपल्या पायांखाली गेल्या. ढोल तेवढा कोरडा राहिला, कारण सुकरीबाई आत धावून त्याच्यावर आडवी पडली होती.

दीपिका फरशीवर बसून रडली. रागावली असती तर बरं झालं असतं, असं सुकरीबाईला वाटलं. संध्याकाळी गुरुजी तिच्या घरी आले, पण आत बसले नाहीत. "सुकरी, संग्रहालयाच्या मंडळाची बैठक होईपर्यंत येऊ नको," एवढं म्हणून मान खाली घालून गेले. दहा वर्षांत त्यांनी तिला अरेतुरे करून कधी हुकूम दिला नव्हता, आणि आजही देताना त्यांचा आवाज हुकमाचा नव्हता.

चार दिवस सुकरीबाई घरात बसली. बांधीतली धानाची रोवणी करायची सोडून मुलगा विनोद दर तासाला येऊन आईकडे पाहून जायचा. पाचव्या दिवशी दीपिका आली. नेमकं काय घडलं ते सुकरीबाईच्या तोंडून ऐकून लिहून घ्यायचं होतं, म्हणून वही घेऊन आली होती. सुकरीबाई चुलीपुढे बसली होती. दीपिका पाटावर बसली, वही उघडली, आणि धूर डोळ्यांत गेला म्हणून तिनं मान वर केली.

चुलीच्या वर बांबूची माची टांगलेली होती. तिच्यावर काळ्या, चकचकीत वस्तू दाटीवाटीनं बसल्या होत्या. लाकडी माप, बियाण्याचे तुंबे, एक सूप, मुठीशी झिजलेलं मुसळ. दीपिका उठली. तिनं माप खाली काढून उलटंसुलटं पाहिलं. बोटं काळी झाली. भोक एकही नव्हतं.

"हे किती वर्षांचं, बाई?"

"माह्या सासूच्या सासूचं. मी आली तवाबी जुनंच होतं."

"आणि कधी घुण नाही लागला?"

"कसा लागन? रोज दोन टाइम चूल पेटते. थोडा थोडा धूर रोज लागते त्याले." बोलता बोलता सुकरीबाई थांबली. मग कपाळावर हात मारून घेतला. "अन् मी अडानी! वर्षाचा धूर एका दुपारी देल्ला. लेकराले वर्षाचा भात एकाच ताटात वाढला तर थे जगन का मरन?"

दीपिकाला हसू आलं. ते आल्यावर तिची तिलाच लाज वाटली, आणि मग ती मोकळी होऊन हसली. वहीत तिनं घडलेल्या प्रकाराचा शब्दही लिहिला नाही. चुलीपासून माची किती उंच, लाकूड कोणतं जाळता, पावसाळ्यात किती वेळ, हे सगळं मात्र विचारून विचारून लिहून घेतलं. शिकलेल्या माणसाला विचारता आलं की अर्धं जग त्याचं होतं, आणि ही पोरगी विचारणारी निघाली.

बैठक संग्रहालयातच, काळ्या छताखाली झाली. दीपिकानं उभं राहून सांगितलं की पावसाळा संपेपर्यंत लाकडाच्या आणि बांबूच्या वस्तू गावातल्या चुलींवर पाठवाव्यात, दिवाळीनंतर परत आणाव्यात. गुरुजींचा चष्मा नाकावर घसरला.

"म्हणजे मी दहा वर्षं घरोघर फिरून गोळा केलं, ते परत घरोघर वाटायचं?"

"गोळा केलं नसतं गुरुजी, तर आता वाटाले कुठून आनलं असतं?" सुकरीबाई मागून म्हणाली. तिला बोलवलेलं नव्हतं. पण ती आली होती, आणि आली ती आली, तिनं नियमही घालून दिला. "एक गोष्ट पक्की ठेवा. आपली वस्तू आपल्या घरी न्याची नाई. दुसऱ्याच्या घरची न्याची. आपली नेली का मानूस तिले वापराले काढते. अन् मंग दिवाळीले देऊ वाटत नाई." सगळ्यांनी माना डोलावल्या. नियम चोख होता. करणारीच त्यात पहिली सापडणार आहे हे तिच्या तेव्हा लक्षात आलं नाही.

आता चुली हव्यात. इथं एक वेगळीच गंमत झाली. घरोघरी गॅस आलेला, आणि अजून चुलीवर रांधतो हे सांगायची लोकांना लाज. सुकरीबाई आणि दीपिका दारोदार फिरल्या. दिव्यानं, त्या चिडक्या म्हातारीच्या नातसुनेनं, दारातच सांगितलं, "आमच्याकडे तर गॅसच हाये, बाई."

सुकरीबाईनं मागच्या कौलांकडे पाहिलं. "मंग तुहा गॅस धूर काऊन सोडून राह्यला?"

दिव्या लाजून आत पळाली आणि लाकडी घंटा घ्यायला कबूल झाली. एकेक करत तेवीस चुली निघाल्या. अशी चूल असणं ही सांगण्यासारखी गोष्ट आहे हे त्या बायकांना बहुतेक पहिल्यांदाच कोणी म्हणालं होतं.

ढोलाची पाळी आली तेव्हा दीपिकानं वहीत पाहिलं. ढोलाला कातडं असतं. त्याला धूर हवा, पण धग नको. त्यासाठी उंच छत आणि मंद चूल पाहिजे. अशी चूल गावात एकच होती, सोमाजीची.

सुकरीबाई म्हणाली, "माह्या घरचीबी चालन."

"बाई, नियम तुमचाच आहे," दीपिका हळूच म्हणाली.

सोमाजी हा सुकलूचा जोडीदार. दोघं कायम जोडीनं वाजवायचे, सुकलू मोठा ढोल आणि सोमाजी धाकटा. सुकलू गेल्यावर सोमाजीनं धाकटा ढोल पुतण्याला देऊन टाकला आणि पुन्हा कधी काठी हातात धरली नाही. संग्रहालयात तर तो दहा वर्षांत एकदाही आला नव्हता. बाहेरून जाताना मान पलीकडे वळवायचा. सुकरीबाईशी त्याचं भांडण नव्हतं. एकमेकांकडे पाहिलं की दोघांनाही तिसरा दिसायचा, म्हणून दोघं एकमेकांना टाळायचे.

वस्तू न्यायच्या दिवशी बायकांनी आपसूकच एक रीत पाडली. पाहुणा दारात आला की आपल्याकडे त्याच्या पायांवर पाणी घालतात, तसं प्रत्येक घरानं आलेल्या वस्तूपुढे पाणी घातलं आणि कुंकू लावलं. सोमाजीची बायको चंदाबाई लोटा घेऊन ढोलापुढे उभी राहिली आणि अडली. "याले पाय कुठी हायेत?" मग तिनं सोमाजीच्याच पायांवर पाणी ओतलं. ढोल त्याच्या खांद्यावर होता, हिशेब बरोबर बसला.  त्यानं ढोल असा उतरवला की दोरीलासुद्धा झटका बसू नये.

त्यानंतर रोज संध्याकाळी सुकरीबाईच्या घरातलं काहीतरी संपू लागलं. कधी मीठ, कधी हळद, कधी आगपेटी. ते मागायला ती नेमकी गावाच्या दुसऱ्या टोकाला, चंदाबाईकडेच जायची. चंदाबाईला न समजण्यासारखं त्यात काही नव्हतं. तिनं चुलीशेजारी एक पाट कायमचाच टाकून ठेवला. सुकरीबाई पाटावर बसायची, मान वर करून ढोल पाहायची, मीठ तिथंच विसरून घरी यायची.

सोमाजी रोज ढोल थोडा थोडा फिरवून ठेवायचा, सगळ्या अंगाला धूर मिळावा म्हणून. कातडं हातानं चाचपायचा, दोरीची गाठ पाहायचा. वाजवायचा मात्र नाही, बोटानं टिचकीसुद्धा नाही. ऑगस्टच्या शेवटी आठ दिवस झड लागली. नाल्याला पूर आला, रस्ता बंद झाला, तिकडे सिरोंच्याकडची गाडी अहेरीलाच अडकून राहिली. त्या झडीत सोमाजीचं छत गळायला लागलं. सुकरीबाई डोक्यावर पोतं घेऊन धावत गेली, तर ढोलावर प्लास्टिकची ताडपत्री नीट ताणलेली. ती कुठली हे तिला आधी कळेना. मग तिनं पलीकडे पाहिलं. सोमाजीच्या खाटेवरची ताडपत्री गायब होती आणि खाट चिंब भिजली होती. चंदाबाई म्हणाली, "राती बसूनच काढतेत. मी म्हनलं, तुम्ही म्हातारे झाले. तर म्हनतेत, थो माह्यापेक्षा म्हातारा हाये."

सुकरीबाई त्या दिवशी हसली, आणि पोतं डोक्यावर ओढून घरी येता येता रडली. पाऊसच एवढा होता की कोणाला कळायचं कारण नव्हतं.

दिवाळी झाली, गावाची मंडई, म्हणजे दिवाळीनंतरची जत्रा, झाली, धान कापून खळ्यावर आलं. मंडईच्या दुसऱ्या दिवशी वस्तू परत येऊ लागल्या. नियमाप्रमाणे आल्या, वेळेवर आल्या, आणि बहुतेकांनी त्यांच्यासोबत काहीतरी पाठवलंही. कोणी घंटेला नवी दोरी लावली होती, तर कोणी टोपलीचा तुटलेला काठ विणून दिला होता. दीपिकानं प्रत्येक वस्तूखाली पांढरं कापड अंथरलं. तीन दिवस ठेवायचं आणि पाहायचं, पिठी पडते का. पडली तर किडा जिवंत आहे.

ढोल सोमाजी स्वतः घेऊन आला. दहा वर्षांत पहिल्यांदा त्यानं तो उंबरा ओलांडला. सुकरीबाई त्याला पाय झटकायला सांगायचं विसरली.

पहिल्या सकाळी ढोलाखालच्या कापडावर पिठी होती. थोडीच, पण होती. सुकरीबाई तिथंच खाली बसली. दीपिका म्हणाली, "जुनी असेल बाई, आणताना हलली असेल," पण तिचा आवाज तिच्या बोलण्याला साथ देत नव्हता. तिनं कापड बदललं. दुसऱ्या सकाळी कापडावर दोन कण होते, की ते कापडाचेच धागे होते, यावर दोघींचं एकमत होईना. पुन्हा कापड बदललं. त्या दोन दिवसांत सुकरीबाईनं ढोलाच्या आसपास झाडू फिरवला नाही, धूळ उडून कापडावर बसेल म्हणून. गुरुजी तीनदा येऊन, मुद्दाम दुसरंच काही पाहिल्यासारखं करून गेले.

तिसऱ्या सकाळी सोमाजी कुणी न बोलवता येऊन दाराशी उभा होता. दीपिकानं ढोल उचलून बाजूला ठेवला. कापड कोरं होतं. तिनं ते खिडकीपाशी उजेडात धरलं, उलटं करून पाहिलं, पुन्हा सुलटं केलं. कोरं.

"वाचला, बाई," ती म्हणाली आणि सुकरीबाईच्या गळ्यात पडली.

 चार महिने सुकरीबाईचा जीव टांगणीला लागला होता तो एकदम जमिनीवर आला. दीपिकानं डोळे पुसले, कपाटाची काच सरकवली आणि ती ढोल उचलायला वळली. तेव्हा सुकरीबाईनं पाहिलं, सोमाजीचा हात ढोलावर होता. तो ढोल अडवत नव्हता. त्याला बहुधा आपला हात तिथं आहे हे कळलंही नव्हतं. दीपिका थांबली तसं त्याच्या ध्यानात आलं आणि त्यानं हात चटकन मागे घेतला. चोरी पकडल्यासारखा तो पाठीमागे लपवला.

आपली वस्तू आपल्या घरी नेली की परत देववत नाही, म्हणून नियम केला होता. परक्याची वस्तू चार महिने चुलीवर ठेवली की ती परकी राहत नाही, हे नियम करणारीला सुचलं नव्हतं.

"पोरी, राहू दे," सुकरीबाई म्हणाली. "काच लाव. रिकामीच लाव. सोमाजीभाऊ, ढोल घेऊन जा."

"बाई, अन् संग्रहालयात?" गुरुजी दारातून म्हणाले. ते केव्हा आले होते कोण जाणे.

"तिथी चिठ्ठी लावा गुरुजी. लिहा, का ढोल सोमाजीभाऊच्या घरी हाये. पाहाचा असन त्यानं तिथी जावं. चहा भेटन."

चंदाबाईला न विचारताच चहा कबूल करून टाकला, पण ते चंदाबाई पाहून घेईल. सोमाजी मात्र जागचा हलेना. "सुकरीबाई, हा सुकलूचा ढोल हाये. मी त्याले ठेवीन, धूर देईन. पन मुका कसा ठेवू? ढोल मुका ठेवला तर तोबी घुनच होय."

सुकरीबाईनं त्याच्याकडे पाहिलं. अकरा वर्षांत पहिल्यांदा नीट पाहिलं. केवढा म्हातारा झाला होता तो! सुकलू असता तर असाच झाला असता.

"वाजवा मंग," ती म्हणाली.

"इथी?"

"इथीच."

सोमाजीनं ढोल गळ्यात अडकवला.  काठी नव्हती, तर त्यानं टोपल्यांजवळ पडलेली बांबूची एक कामटी उचलली. "कोनता वाजवू?" त्यानं विचारलं, कारण मरणाचा ठेका वेगळा, पूजेचा वेगळा आणि लग्नाचा वेगळा, आणि गेलेल्याच्या ढोलावर पहिला हात टाकताना घरच्या माणसाला विचारायचं असतं.

"लग्नाचा," सुकरीबाई म्हणाली. "आमच्या लग्नात वाजवला होता तो."

दीपिकाला हे कळलं नाही. गुरुजींना कळलं, आणि त्यांनी चष्मा काढून हातात धरला. नवरदेव आपल्याच लग्नात ढोल कसा वाजवील? त्या दिवशी सुकलू बाशिंग बांधून पाटावर बसला होता, आणि हा ढोल पहिल्यांदा दुसऱ्याच्या गळ्यात होता. सोमाजीच्या.

सोमाजीनं कामटी ढोलावर मारली. पहिला ठोका दबका पडला, दुसरा जरा मोकळा, आणि मग धुरानं ताणलेलं कातडं असं बोललं की काचा थरथरल्या. सुकरीबाईनं पदर डोक्यावर घेतला, नवरीसारखा, पुढे ओढून. पदराआड ती काय करत होती ते कोणाला दिसलं नाही. सोमाजी वाजवत होता, बाहेर रस्त्यावरची माणसं चपला काढून एकेक करून आत येत होती, आणि त्यांना पाय झटका म्हणून सांगणारं त्या दिवशी कोणी नव्हतं.